नोंद नसेल तर कायदा लंगडा

परदेशातून परतलेल्या मूर्तींवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे खरे. (घारापुरीच्या दगडी हत्तीच्या वेळी असा कायदा नव्हता, विलायतेला धाडण्यासाठी उचलताना तो फुटला, म्हणून आज भायखळ्यात आहे!) पण चोरीला गेलेली मूर्ती आपलीच, हे सिद्ध कशाने करणार? तामिळनाडूतील अनेक मूर्ती पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुन्या छायाचित्रांमुळेच ओळखता आल्या. आपल्याकडे गावच्या देवळातल्या मूर्तीवर शेंदराची पुटे, आणि फोटो असलाच तर उत्सवातला, हारांनी झाकलेला. मुंबईतील वस्तुसंग्रहालयांनी जाणकार पाठवून अशा मूर्तींची मोजमापांसह नोंद करावी. खर्च राज्य सरकारने उचलावा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई