कियोसुमी बागेतले दगड

संपादक महोदय,
मुलाकडे टोकियोला गेलो होतो तेव्हा कियोसुमी बागेत सकाळ घालवली, ती अजून डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र. तिकीट फक्त 150 येन, 65 च्या वरच्यांना 70, म्हणजे आपल्याकडे चहा-वड्याला लागतात तेवढेच. मधे मोठं तळं, आणि काठाकाठाने पाण्यातच ठेवलेले सपाट दगड, त्यावर पाय देत देत चालायचं. सौ. माझा हात धरून एकेक दगड ओलांडत होती आणि खाली पायाशी हे एवढाले कोई मासे आणि कासवं, मजा आली.
ही बाग मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांनी 1878 ला जागा घेऊन स्टाफ आणि पाहुण्यांसाठी करायला घेतली, कंपनीच्या बोटींतून देशभरातले दगड आणले, आजही दगडांशेजारी पाट्या आहेत कुठला दगड कुठून आला त्याच्या, मी तर साडो बेटाचा लालसर दगड बघत कितीतरी वेळ उभा होतो. पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. 1923 च्या भूकंपात आजूबाजूला आगीचा कहर झाला तेव्हा ह्या बागेत शिरलेल्या कितीतरी लोकांचा जीव वाचला. म्हणून पुढच्याच वर्षी इवासाकी कुटुंबाने कमी नुकसान झालेला पूर्वेकडचा भाग शहराला देऊन टाकला आणि 1932 ला ती सगळ्यांसाठी खुली झाली. आपल्या शहरातले मोकळे प्लॉट भराभर बिल्डिंगखाली जातायत, तेव्हा हे सांगावंसं वाटलं.
– एक वाचक, पुणे