हंगाम संपला की पगारही संपतो

संपादक महोदय,

पावसाळ्यापूर्वी गोव्यात कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरचे शॅक (पर्यटकांसाठीची तात्पुरती उपाहारगृहे) उतरवले जातात आणि तिथे राबणाऱ्यांचा पगारही थांबतो. पुढचा हंगाम उजाडेपर्यंत त्यांनी खायचे काय? २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सांगेतल्या ट्रकवाल्यांचे हाल आपण पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत तीच पाळी टॅक्सीचालक, वेटर, खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे यांच्यावर आली. माझ्या शेजारचा मुलगा सात हंगाम शॅकमध्ये राबला, पण भविष्य निर्वाह निधीचे खाते त्याला अजून नाही. मला याचा संताप येतो. सरकारने हंगामी कामगारांची नोंदणी करून पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी निर्वाह भत्ता द्यावा, आणि तो येत्या पावसाळ्यापासूनच.

– एक वाचक, म्हापसा