मऊ भाताचे उपाहारगृह : मित्रास पत्र

नवी पेठ, पुणे
१४ डिसेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

"आजारपणात घरी खायचा मऊ भात पैसे मोजून कोण खाईल?" हा माझ्या उपाहारगृहाच्या बेतावरचा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावे, असे वाटले.

घरी राहणारा माणूस तो विकत खाणार नाही, हे मला मान्य आहे. पण सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या पट्ट्यात घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचीच वस्ती दाट आहे. बीड, लातूर, यवतमाळ, जळगाव अशा जिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली ही मुले कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि मेसच्या जेवणावर महिना काढतात. खोलीत शेगडी ठेवू देणारे घरमालक थोडेच. ताप आला, पोट बिघडले किंवा निकाल मनासारखा लागला नाही, तर मेसची तिखट रस्साभाजी घशाखाली उतरत नाही. त्यातच रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. त्या वेळी वडापावच्या आणि चायनीजच्या गाड्यांभोवती जी गर्दी होते, ती तू एकदा येऊन पाहा. म्हणून आपली साप्ताहिक सुट्टी सोमवारी असावी आणि रविवारची संध्याकाळ काहीही झाले तरी चुकू नये, असे मी ठरवले आहे.

फर्ग्युसन रस्त्याचा विचार मी सोडून दिला आहे. तेथील भाडी आपल्याला पेलणारी नाहीत, आणि तिकडे येणारी मुले मित्रांबरोबर गप्पा मारायला, डोसा-कॉफीला येतात. शिवाय केवळ महाविद्यालयावर विसंबले, तर दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कोरडी जाते. स. प. महाविद्यालय आणि नवी पेठ यांच्या मधल्या गल्ल्यांत मात्र दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके आहेत. महाविद्यालय बंद असले तरी अभ्यासिका भरलेल्या असतात. अशाच एका गल्लीत तळमजल्यावरचा एक गाळा मी पाहून ठेवला आहे.

पदार्थांबाबत मी हट्टी आहे. तूप-मेतकूट-मऊ भात, लिंबू पिळलेला वरण-भात, मुगाच्या डाळीची खिचडी आणि भाजलेला पापड, वरणफळे, आणि ताकाबरोबर ज्वारीच्या कण्या, एवढेच रोज मिळेल. कोकणातल्या मुलांसाठी सकाळी उकड्या तांदळाची पेज, वैदर्भीय मुलांसाठी शनिवारी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात. पावभाजी, पनीर किंवा नूडल्स ठेवा, असा सल्ला मला जो तो देतो. परंतु एकदा कढईत मसाल्याची फोडणी बसू लागली की स्वयंपाकघराचा वास बदलतो, हात वाढवावे लागतात आणि भाताकडे दुर्लक्ष होते. मऊ भात सोपा वाटतो, पण तो लक्ष मागतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा, पाचपट पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळू द्यायचे, मीठ घालून मंद आचेवर शिजवायचा आणि शेवटी पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला हलकेच घोटायचा. ताटात वाढल्यावर मधोमध खळगा करून तूप सोडायचे आणि मेतकूट वरून भुरभुरायचे. मेतकुटासाठी हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू आणि थोडी मेथी वेगवेगळी भाजली पाहिजेत, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. हे काम आई स्वतः पाहणार आहे. विकतचे मेतकूट तिला मुळीच चालत नाही.

आजारी मुलाला वाढायचे म्हणजे जबाबदारी मोठी. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला, तर त्यात बॅसिलस सेरेअस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत आणि जिवाणूंनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून सकाळी एकदाच मोठे पातेले चढवायचे नाही. थोडा थोडा भात पुनःपुन्हा लावायचा, तो ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवायचा आणि रात्री उरलेला दुसऱ्या दिवशी वाढायचा नाही. यात गॅस आणि मनुष्यबळ जास्त लागेल, आणि तो खर्च मी आनंदाने करणार आहे.

आता हिशेब. एका ताटाला १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर किलोत दहा ताटे होतात. खरा खर्च तुपाचा आहे : ७०० रुपये किलोचे तूप ताटाला १० ग्रॅम म्हणजे सात रुपये झाले, पण तेथे मी हात आखडणार नाही. ताटाची किंमत ८० रुपये ठेवायची आणि कच्चा माल तिच्या एक तृतीयांशाच्या आत बसवायचा. दिवसाला १५० ताटे गेली, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ३६ लाखांची विक्री होते. म्हणजे २० लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे जीएसटीची नोंदणी अटळ आहे. उपाहारगृहाला कर ५ टक्के असला, तरी खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे भांडी आणि शेगड्या यांच्यावरील कराचा भार पूर्णपणे आपल्यावर पडेल. पहिले सहा महिने तोटा सोसण्याइतकी रक्कम मी बाजूला ठेवली आहे.

तुझी खरी गरज आहे ती तांदळासाठी. आंबेमोहर आपल्याला परवडणार नाही, पण तुमच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणीत आंबेमोहराचा वास आणि चिकटपणा दोन्ही उतरले आहेत, आणि तिचे उत्पन्नही त्याहून चांगले येते. बाजारातल्या इंद्रायणीत भेसळ किती, हे दुकानदारही सांगू शकत नाही; तुझ्या शेतातली मात्र मला पेरणीपासून ठाऊक असेल. मऊ भाताला नवा तांदूळ हवा, गोळाभाताला वर्षभर मुरलेला. तेव्हा यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या तांदळाचा एकेक कट्टा, फार पॉलिश न करता, पाठवून दे. भाव तू लाव, आणि ओळखीखातर तो कमी करू नकोस. भागीत यायचे की केवळ तांदूळ पुरवायचा, हे वहिनींशी बोलून संक्रांतीपूर्वी कळव, कारण गाळ्याच्या मालकाने तोवरच थांबण्याचे कबूल केले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन