सोलर लावलं तरी लाईन गेली की अंधारच

संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या पेपरात आजकाल रोजच सोलरच्या जाहिराती येतात, अर्धं अर्धं पान, 'लाईट बिल झिरो' वगैरे. बिल खरंच कमी होते, आमचं झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एक गोष्ट त्या जाहिरातीत कुठेच नसते आणि आम्हाला ती पैसे भरून झाल्यावर कळली, म्हणून हे पत्र.

आम्ही मानेवाड्याला राहतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर लावलं, 78 हजार सबसिडी खात्यात जमा झाली, उन्हाळ्यात दिवसाला बाराएक युनिट बनतात, सगळं छान. मग मे महिन्यात, नवतपा लागायच्या आधी, एका संध्याकाळी वादळ आलं, गल्लीतला कडुनिंब तारांवर पडला आणि लाईन गेली ती गेलीच. रात्र कशीतरी काढली. खरी मजा सकाळी. नऊ वाजता ऊन असं की डोळा उघडवत नाही, वर सहा पॅनल चमकून राहिले आणि खाली घरात पंखा बंद! समोरच्या काकू मोबाईल अन् चार्जर घेऊन दारात उभ्या, "तुमच्याकडे तर सोलर आहे ना बाप्पा." काय सांगावं त्यांना. लावून देणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, लाईन नसली की ते बंदच राहते." मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाही.

आमच्या घरी सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन लागते, 350 वॅटचं. सोलर लावताना डोक्यात हेच होतं की आता मशीनचं टेन्शन गेलं. त्या रात्री यांनी आणि दिराने स्कूटीवर सिलिंडर आणला, मधे धरून, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

नंतर एका ओळखीच्या वायरमनदादाने समजावून सांगितलं आणि ते पटलं. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाईनला जोडलेलं, लाईन गेली की स्वतःहून बंद पडते ते बिघाड म्हणून नाही, मुद्दामच तसं बनवलेलं असते. कारण आपल्या गच्चीवरची वीज तारेत उलटी गेली तर डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, तीच वीज चढवून 11 हजार व्होल्टची करू शकते, आणि खांबावर लाईनमन लाईन बंद आहे समजून हात लावून राहिला असेल तर त्याचा जीवच जाईल. म्हणजे नियम बरोबर आहे. चूक फक्त न सांगण्याची आहे.

लाईन गेल्यावरही घर चालायला पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो लाईन गेली की आपलं घर तारेपासून तोडून घेतो आणि आतल्या आत चालवतो, दिवसा पॅनलवर, रात्री बॅटरीवर. पण आधीच ऑन-ग्रिड लावून बसलं की नुसती बॅटरी आणून जोडता येत नाही, इन्व्हर्टर बदला नाही तर बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर घ्या, म्हणजे एकाच कामाचा दोनदा खर्च. आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीसाठी वेगळा पैसा नाही.

आम्ही शेवटी केलं. 5 युनिटची लिथियम बॅटरी घेतली, आणि अक्खं घर नाही, एक वेगळी लाईन ओढून त्यावर फक्त मशीन, दोन पंखे, चार लाईट, वायफाय आणि एक कूलर. सगळं मिळून साडेसहाशे वॅटच्या आसपास, बॅटरीतले साडेचार युनिट वापरता येतात धरले तर सातएक तास निघतात, कूलर बंद ठेवला तर दहा. एसी आणि पाण्याची मोटर त्यावर नाही, मोटर सुरू होताना जो झटका मारते त्यात इन्व्हर्टरच ट्रिप होतो. ह्यांना एसी पाहिजेच होता, मी म्हटलं दीड टनाचा एसी लावून बॅटरी तीन तासात संपवायची तर झोपा तुम्ही गच्चीवर.

अजून एक, हे नागपूरकरांनी तरी ध्यानात ठेवावं. विकणारा बॅटरी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवायला निघाला होता, जागा वाचते म्हणे. अहो, बाहेर 45 असलं की टिनाखाली भट्टीच! साधी पाण्याची बॅटरी तर गरमी 10 अंश वाढली की दरवेळी अर्धं आयुष्य गमावते म्हणतात, आणि लिथियमलाही तेवढ्या गरमीत चार्ज करणं बरं नाही. आमची खाली जिन्याजवळ सावलीत आहे. पॅनलही तापले की कमी देतात, काच 65 अंशाला गेली की कागदावरच्या आकड्यातून दहा-पंधरा टक्के गेले समजा, त्यामुळे कोटेशनमधला युनिटचा आकडा बघून हिशोब लावू नका.

संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. कोराडी-खापरखेड्याची वीज आपल्या उंबरठ्याशी बनते आणि तरी वादळ आलं की आपणच अंधारात, ते एका दिवसात सुधारणार नाही, मला कळते. पण सोलरच्या प्रत्येक कोटेशनवर एक ओळ मराठीत, ठळक, ग्राहकाच्या सहीच्या वर छापायला लावा: 'लाईन गेल्यास ही सिस्टीम बंद राहील.' सिगरेटच्या पाकिटावर छापता येते तर इथे का नाही? आणि तुमच्या पेपरात ज्या जाहिराती येतात त्यातही ती टाकायला सांगा, तेवढं तर तुमच्याच हातात आहे.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर