सूचना : विंडोज ११ घ्यायचे का?

सर्व सभासदांना नमस्कार,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालतो, पण वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर नव्या त्रुटींपासून संरक्षण मिळत नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी हे अंगावर काढू नये.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या सभागृहात एकत्र बसून ठरवू. येण्यापूर्वी :

• 'पीसी हेल्थ चेक' (संगणकावर विंडोज ११ चालेल का ते तपासणारे मायक्रोसॉफ्टचे ॲप) चालवा. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही असे दिसले तरी लगेच नवा संगणक घेऊ नका. पुष्कळदा ते बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) नुसते बंद असते.
• फोटो, कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बॅकअपशिवाय कोणाचेही अपग्रेड करणार नाही.
• जुना प्रिंटर, स्कॅनर असल्यास मॉडेल लिहून आणा.

अपग्रेडनंतर पटले नाही, तर साधारण १० दिवसांच्या आत विंडोज १० वर मागे फिरता येते.

लॅपटॉपसोबत चार्जर आणावा.