खारूताई भेटली

मस्कत, 23 नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "जेवलीस का?" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. जेवलेय. सुरमई खाल्ली, तीही दोनदा. इथे 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत सुरमई धरायला बंदी असते, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तसंच. बंदी उठून महिना झालाय, त्यामुळे मत्राच्या मासळीबाजारात सुरमया नुसत्या रचून ठेवल्यात. बाजाराची इमारत मात्र नवी, चकाचक. आपण इथे राहायचो तेव्हा तू बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालायचीस ते ओटे आता नाहीत.

ऑफिसचं काम तीन दिवसांत आटोपलं. पुढचे चार दिवस रजा टाकली ती खारूताईसाठी. हो, तीच. खालच्या मजल्यावरची, दोन शेंड्या बांधणारी, आपल्या डब्यातले काजू गालात भरून पळणारी. तिचं खरं नाव मला हॉटेलच्या काउंटरवर सांगताना क्षणभर आठवेना, इतकं तू घातलेलं नाव पक्कं बसलंय. केरळात लग्न, मग दहा वर्षं कुवेत, आणि आता पुन्हा इथेच शाळेत शिकवते. मी लॉबीत बसून दाराकडे बघत होते. ही मागून आली आणि जोरात म्हणाली, "गप बस!" आख्खी लॉबी वळून बघायला लागली. तुझ्याकडून शिकलेली मराठी एवढीच उरलीये म्हणाली. "गप बस", "हात धू" आणि "अजून एक घे". मला तर वाटतं तेवढ्यात सगळं येतं.

ओळखू आली का विचारशील. चेहरा नाही, चाल आली. अजून तशीच एका पायावर जोर देऊन चालते.

पहिल्या दिवशी रुवीतच हिंडलो. आपली बिल्डिंग आहे, पण खाली आता मोबाइलची दुकानं. स्टार सिनेमाची ती गोल इमारत मी लांबूनच ओळखली. पोस्टात मुद्दाम गेले. तुला आठवतं ना, इथे पोस्टमन दारात यायचा नाही, पी. ओ. बॉक्सची किल्ली बाबांच्या जुडग्यात असायची आणि पेटी उघडायचा मान माझा नि दादाचा आळीपाळीनं? आत आजीचं निळं अंतर्देशीय नव्हे, ते परदेशी जाणारं एअरोग्राम असलं की बाबा तिथेच गाडीत बसून वाचायचे. एसी चालू ठेवून. आपण दोघं मागे भांडत असलो तरी काही बोलायचे नाहीत.

आता इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. 2013 पर्यंत आपल्या वेळेसारखीच गुरुवार-शुक्रवार होती म्हणे. मला मात्र अजून गुरुवार उजाडला की कुठेतरी जायचंय असं वाटतं. लंडनमध्ये इतकी वर्षं राहूनसुद्धा.

शुक्रवारी पहाटे निझवाला गेलो. बकऱ्यांचा बाजार बघितला. विकणारे बकऱ्या घेऊन गोल गोल फिरतात आणि घेणारे दोन्ही बाजूंना उभे राहून दात तपासतात, भाव ओरडतात. किल्ल्याचा तो प्रचंड गोल बुरूजही चढले. दादाला खजुराची कोठी दाखवून बाबा म्हणाले होते, इथे पोती एकावर एक रचायची, वजनानं खालच्या पन्हाळीतून पाक गळतो, आणि शत्रू दारात आला की तोच उकळून वरून ओतायचा. तू म्हणालीस, "म्हणजे काकवीच की, वाया घालवली." खारूताईला हे सांगितलं तर ती बुरुजाच्या पायरीवर बसून हसली.

पण मला खरं लिहायचंय ते नखलचं.

काल गेलो. बरकाच्या पुढे डावीकडे वळलं की डोंगर अंगावर येतो, तो तसाच आहे. किल्ला आपण बघितला तेव्हा पडका होता, 1990 मध्ये डागडुजी झाली, आता तिकीट काढून आत जाता येतं. आम्ही गेलो नाही, सरळ गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. वाटेत तिनं पराठ्यात 'चिप्स ओमान' या इथल्या वेफर्सचा चुरा नि चीज घातलेली गुंडाळी खायला दिली. तुझ्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी कुठे आणि हे कुठे! पण संपवली. दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. ते बारीक मासे अजून आहेत, लगेच टाचांना येऊन टोचायला लागले. चपलेवरून वाद झाला. पाटात वाहून गेलेली ती लाल चप्पल माझी होती असं तिचं म्हणणं, आणि तिची होती असं माझं. अर्धा तास भांडलो.

मग सहज म्हणाले, की ते वर्ष काय मजेचं होतं, प्रत्येक आठवड्याला नखल! दोन्ही घरं मिळून एका कोरोलात कोंबून, मी दादाच्या मांडीवर. बाबांची तेव्हा बढती झाली असणार.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही?"

तिच्या अप्पांनी जाण्याआधी तिला सांगितलं होतं. ते 1986 साल. तेलाचे भाव कोसळले, इथली कामं ठप्प झाली, आणि बाबा नि अप्पा ज्या कंत्राटदाराकडे होते त्यानं पगारच थांबवले. पाच महिने. त्यात जानेवारीत सरकारनं रियालची किंमतही दहा टक्क्यांनी उतरवलेली. सिनेमा बंद, शवर्मा बंद. पण मुलांना कळू द्यायचं नाही, म्हणून नखल. झऱ्याला तिकीट नाही, पेट्रोल दोघांत वाटून, पुऱ्या तू तळायचीस, इडल्या तिची अम्मा. एकच गाडी का, तर दुसरी अप्पांनी विकली होती. आणि मी शाळेत सांगत फिरायचे, आमच्याकडे दर आठवड्याला पिकनिक असते!

आई, त्या वर्षी आजोबांना जाणारा पैशांचा ड्राफ्ट चुकला नव्हता. आजोबा नेहमी सांगायचे ना, "मुलानं एकही महिना चुकवला नाही." मी ते बाबांचं कौतुक म्हणून ऐकत आले.

तिच्या फोनमध्ये झऱ्यावरचा एक फोटो आहे. अप्पांनी काढलेला. तू पदर खोचून ओणवी, दादाचं डोकं पुसतेयस. बाबा मागे उभे, हातात थर्मास. मी मोठा करून बघितला. तुझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, पाटल्या नाहीत. आदल्या दिवाळीच्या फोटोत आहेत, तो माझ्या कपाटात आहे, मला नक्की आठवतंय. मी आधी म्हटलं, पाण्यात जायचं म्हणून काढून ठेवल्या असतील. खारूताई काही बोलली नाही. तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "अजून एक घे." पराठ्याबद्दल.

परत येताना मत्राला थांबलो. बंदरात आता मालाची जहाजं येत नाहीत, ती सोहारला गेली. प्रवाशांची मोठी बोट उभी होती आणि शिवाय धूपदानीचा तो अवाढव्य पांढरा पुतळा, ज्याला दादा उडती तबकडी म्हणायचा. सूकमधून, त्या जुन्या बाजारातून, तुझ्यासाठी हलवा घेतला, केशराचा. तूप फार आहे, चिकटतो, तू नावं ठेवशील आणि खाशील. खारूताईच्या शाळेतली एक बाई पुढच्या आठवड्यात मुंबईला येतेय, तिच्यासोबत पाठवते. दादाला दादरला जाऊन आणायला सांग. थोडा त्याच्याही घरी राहू दे.

पाटल्यांचं काय ते लिही. फोनवर नको, फोनवर तू विषय बदलशील. लिहूनच कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. लाल चप्पल कोणाची होती तेही लिही. आम्ही दोघींनी तुझा निकाल मान्य करायचं ठरवलंय.