निकोसियाहून पत्र

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. आई, तू घाबरून विचारलंस ना की तुझ्या शहराच्या मधून बॉर्डर जाते म्हणे, मग गोळीबार वगैरे होतो का, तर नाही गं, अजिबात नाही. इथे निकोसियात, म्हणजे सायप्रस बेटाच्या राजधानीत, लेड्रा स्ट्रीट म्हणून बाजाराचा रस्ता आहे, कपड्यांची दुकानं, कॉफीवाले, आणि चालता चालता मधेच पोलिसांची केबिन येते, कागद दाखवायचे, थोडं पुढे गेलं की दुसरी केबिन, आणि मग पाट्या तुर्कीत अन् पैसे लिरामध्ये. अलीकडचे शहराला लेफ्कोसिया म्हणतात, पलीकडचे लेफ्कोशा.

बाबा, तुम्हाला मुळापासून सांगायला हवं. १९६० ला सायप्रस ब्रिटिशांपासून सुटला आणि ३ वर्षांत ग्रीक बोलणारे आणि तुर्की बोलणारे एकमेकांवर उठले. तेव्हा एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली, तीच शहरातली ही बॉर्डर, ग्रीन लाइन. १९६४ पासून यूएनची फौज आहे, आपले जनरल थिमय्या तिचे कमांडर होते आणि १९६५ ला इथेच वारले. मग जुलै १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीने इथे बंड करवलं, ५ दिवसांत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, बेटाचा उत्तरेकडचा, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यांच्याकडे गेला तो आजपर्यंत. तिकडच्या सरकारला तुर्कस्तान सोडून कोणीच मानत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या घरमालकीणबाईंचं. मी त्यांना थिया म्हणते, म्हणजे मावशी. त्यांचं गाव उत्तरेत केरिनियाजवळ, त्या ग्रीक, तुर्की सैन्य उतरलं तेव्हा १४ वर्षांच्या होत्या, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या, आणि १९ वर्षांचा भाऊ लढायला गेला तो परत आलाच नाही. मेला असंही कोणी सांगितलं नाही, नुसता बेपत्ता. त्यांच्या आईने मरेपर्यंत त्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवले म्हणे.

असे २००२ जण बेपत्ता झाले या बेटावर, १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की. हे ४९२ मला माहीतच नव्हते, मी इतके महिने एकच बाजू ऐकत होते, याची मला फार लाज वाटली. १९६३-६४ मध्येही लोक घरातून, बसमधून उचलून नेले आणि विहिरींत, शेतांत पुरले. आता दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र हाडं शोधतात, नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवतात. त्यांची लॅब यूएनच्या ताब्यातल्या जुन्या विमानतळाच्या आवारात आहे, १९७४ मध्ये बंद पडला तो विमानतळ. हजाराहून जास्त जणांची ओळख पटलीये. मला वाटतं, इतक्या वर्षांच्या वाटाघाटींपेक्षा हे एकच काम खरं झालंय इथे.

गेल्या महिन्यात थियाला फोन आला. भाऊ सापडला. सगळी हाडं पण नव्हती आई, एवढीशी पेटी. थिया आता साठी ओलांडलेल्या आणि भाऊ १९ चाच. मी अंत्यविधीला गेले होते, नंतर कोलिवा वाटतात, उकडलेले गहू, त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका. मला तुझी गव्हाची खीर आठवली आणि रडूच आलं.

रात्री थियाने पलीकडे फोन लावला, त्यांच्या जुन्या घरात आता राहतात त्या बाईंना. २००३ ला नाके उघडले तेव्हा थिया तासन्‌तास रांगेत उभं राहून घर बघायला गेल्या होत्या, तेव्हाची ओळख. त्या बाई तुर्की, पण मूळच्या दक्षिणेतल्या पाफोसच्या, त्यांचंही घर इकडेच सुटलं, म्हणून ग्रीक छान बोलतात. बराच वेळ दोघी बोलत होत्या. शेवटी थियाने विचारलं, अंगणातलं लिंबाचं झाड अजून आहे का. आहे म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी त्या बाई नाका ओलांडून पिशवीभर लिंबं घेऊन आल्या, थियाने त्यातली ४ कबरीवर ठेवली आणि २ मला दिली. अजून फ्रिजमध्ये आहेत, कापवत नाहीयेत.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. रविवारी फोन करते.

तुमची लेक